मधल्याला उरलेलं

आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. मळवलीकडून बेडशाकडं जाताना वाटेत कुठंतरी लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर यात्रा कमिटीचे अध्यक्ष महिपतीशेठ उद्या सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतील, चहा घेतील आणि गावाची बदनामी या विषयावर तासभर बोलतील. चहा घेतात ते आता आमच्याकडं. कागदी कपात. कागदी कप निघाल्यापासून गावाची फार मोठी सोय झालीय. सगळ्यांना एकसारखा कप, पिऊन झाला की फेकून द्यायचा, कुणी कुणाचा धुवायचा हा प्रश्नच मिटला. मग पेपरात देता येतं की आमच्या गावात आता तसलं काही राहिलेलं नाही.

मी पायल ओव्हाळ. शनिवार-रविवार लोणावळ्यात एका बंगल्याचं बुकिंग सांभाळते. पूल खोल आहे का, भुशी डॅम चालत जाण्यासारखा आहे का, रात्री डीजे लावला तर शेजारी ओरडतील का, असल्या प्रश्नांना गोड आवाजात उत्तरं देते. बाकीचे दिवस प्रोग्रॅम लिहिते. शिकले कुठं विचाराल, तर कुठंच नाही. माझी मैत्रीण कोमल डिप्लोमा करून लग्न करून गेली आणि जाताना तिचं जावाचं, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचं, पुस्तक माझ्याकडं टाकून गेली. ती संसारात पडली, मी पुस्तकात. दोघींनाही वर्षभर काही कळलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. मला तरी.

आता गोष्टीकडं येते. गोष्ट आहे आमच्या तात्यांच्या गाड्याची.

तात्या म्हणजे धोंडिबा ओव्हाळ, माझे थोरले चुलते. चैत्रात आमच्या यात्रेला बैलगाड्यांची शर्यत असते. घाट म्हणजे शर्यतीचा चढ; खालून गाडा सुटतो, वर निशाण असतं, आणि घड्याळ ठरवतं कोण किती पळालं. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. तात्यांची एक जोडी घरची, पुढची जोडी बेडशाच्या पाहुण्यांची, असा मिळून गाडा. पळतो बरा. पण बरा पळून काय उपयोग. घाटावर प्रत्येक गाड्याचं नाव पुकारतात आणि ती नावं लग्नपत्रिकेसारखी लांब असतात. अमुक देव प्रसन्न, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, अमुकशेठ तमुकशेठ आणि मित्रमंडळ, मुक्काम पोस्ट अमुक. एवढं सगळं निवेदक केरबा दम न घेता म्हणतो. आणि तात्यांची बारी आली की म्हणतो, "चला, वस्तीचा गाडा, आटपा पटापट."

वस्तीचा गाडा. माणसाचं नावच नाही. जसं काही वस्तीनं सगळ्यांनी मिळून वर्गणी काढून बैल पाळलेत.

तात्या यावरून कधी भांडले नाहीत. भांडायचं काम घरात माझ्याकडं आहे. या वर्षी फक्त एवढंच म्हणाले, "पायल, नंबर न्हाई आला तरी चालंल मला. नाव आलं पायजे. पुरं."

आणि नेमकं त्याच आठवड्यात महिपतीशेठ आमच्या ओट्यावर आले. शेजारच्या गावानं गेल्या वर्षी घाटावर मोठी स्क्रीन लावली होती, गाड्याचं नाव आणि वेळ दाखवणारी, तेव्हापासून शेठना जेवण गोड लागत नव्हतं.

"आपल्याला बी पायजे," ते म्हणाले. "पुण्याची माणसं यात्रेच्या दिवशी फोन उचलत न्हाईत. तू गावातली हायेस, पळून कुटं जाशील."

मी हो म्हणाले. गावातलं काम म्हणून नाही. स्क्रीनवर नाव कुणाचं आणि कसं येणार हे माझ्या हातात येणार होतं म्हणून.

प्रोग्रॅम साधा होता. माझ्या लॅपटॉपवर मी वेळ टाइप करणार, केबलनं ते मोठ्या स्क्रीनवर दिसणार. अवघड भाग एकच, कोण कुठं बसणार. विंडोत चार गोष्टी ठेवायच्या तर त्या कशा बसवायच्या हे बघायला एक कारभारी नेमावा लागतो. त्याला लेआउट मॅनेजर म्हणतात. कारभारी बदलला की बसायची रीत बदलते. स्क्रीन लहान झाली तर कुणाला आखडायचं, मोठी झाली तर कुणाला पसरू द्यायचं, तेही तोच ठरवतो. तुम्ही एकदा कारभारी निवडलात की मग तुमचं काही चालत नाही. गावासारखंच, फक्त इथं कारभारी आपण निवडतो.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. भिंतीवरच्या टीव्हीला मी केबल जोडली. महिपतीशेठ होते, केरबा होता, सरपंच नंदाबाई होत्या आणि त्यांचे मालक रखमाजी होते. सरपंचपद बाईंना राखीव झालं तेव्हापासून नंदामावशी सही करतात आणि रखमाजी बोलतात. खुर्चीत त्या, आवाज मालकांचा. बाकीही कमिटीची माणसं होती, पण ती माना हलवायला असतात.

मी पहिला कारभारी दाखवला. फ्लो.

"ही पंगत आहे," मी म्हणाले. "आला तसा बसला. ओळ भरली की पुढचा खालच्या ओळीत."

"आन मी उशिरा आलो तर?" शेठनी विचारलं.

"तर खालच्या ओळीत."

"अध्यक्ष असून?"

"पंगतीला काय माहीत अध्यक्ष कोण ते."

केरबा हसला. मग शेठकडं बघून खोकला.

दुसरा दाखवला. ग्रिड. मला हाच पाहिजे होता, खोटं कशाला बोलू. "हा चिक्कीचा ट्रे," मी म्हणाले. "चिक्की गरम असताना सुरी मारतात ना उभी-आडवी, तसं. सगळे तुकडे सारखे. गाडे सगळे एका मापाच्या चौकटीत दिसतील, अध्यक्ष एका चौकटीत, सरपंच एका चौकटीत. स्क्रीन कसलीही येऊ दे, भांडण नाही."

टीव्हीवर सारख्या चौकटी दिसत होत्या. सगळ्यांनी त्या नीट बघितल्या. एका चौकटीत महिपतीशेठ, शेजारच्या चौकटीत मी नमुना म्हणून टाकलेलं नाव. नमुना म्हणून मी कुणाचं नाव टाकलं असेल ते सांगायला नको.

"म्हंजे माझा तुकडा आन धोंडिबाचा तुकडा येकच," शेठ सावकाश म्हणाले.

"एकच."

मग रखमाजी म्हणाले, "तसं काय न्हाई, पर दिसायला बरं दिसत न्हाई."

दिसायला. हा शब्द आमच्या गावात फार कामाचा. मनात काय आहे ते तोंडावर आणायचं नसलं की दिसण्यावर ढकलायचं. पोरगी चांगली आहे पण दिसायला बरं दिसत नाही. तुम्ही देवळात या, आमचं काही म्हणणं नाही, पण लोकांना दिसायला. डोळे लोकांचे, पोटात दुखतं यांच्या.

"त्यापरीस ज्याची त्याची जागा ठरवून टाक," रखमाजींनी सल्ला दिला. "खिळा मारल्यावानी. हलायचंच न्हाई कुनी."

"मारता येतो खिळा," मी म्हणाले. "पण खिळे मी या टीव्हीच्या मापानं मारणार. घाटावरची स्क्रीन बुटकी निघाली तर माणसं बाहेर लोंबकळतील."

"कोनची मानसं?"

"खालची आणि उजवीकडची."

"म्हंजे वरच्यांना काय व्हत न्हाई."

"नाही."

"मग काय हरकत हाय?" रखमाजी म्हणाले, आणि त्यांना खरोखरच कळलं नाही की मी त्यांच्याकडं तशी का बघतेय.

शेवटी मी बॉर्डर दाखवला. दाखवायला नको होता असं त्या दिवशी वाटलं. "हे स्टेज," मी म्हणाले. "वर एक, खाली एक, डावीकडं एक, उजवीकडं एक आणि मध्ये एक."

मध्ये म्हटल्याबरोबर शेठ सरळ बसले.

"झालं की मग," ते म्हणाले. "मधी मी. फोटो टाक माझा, फेट्यातला, गॉगलवाला."

"शेठ, एक सांगते. या कारभाऱ्याकडं कडेची मंडळी आधी बसतात. वरचा आणि खालचा लागेल तेवढी उंची घेतात, डावा-उजवा लागेल तेवढी रुंदी घेतात. मधल्याला उरलेलं मिळतं."

"उरलेलं?" शेठ हसायला लागले. कमिटीही हसायला लागली, कशाला ते कळायच्या आधी. "अगं, या गावात उरलेलं समदं आमचंच असतंय."

हे मात्र खरं होतं. रस्त्याकडेचं उरलेलं, गायरानातलं उरलेलं, धरणात गेल्यावर उरलेलं, सगळं फिरून फिरून शेठच्या कंपाउंडमध्येच येतं. अनुभवाचे बोल होते. पण जावाला आमचं गाव माहीत नाही.

"पुन्हा सांगते," मी म्हणाले. "कडेवाल्यांनी जास्त घेतलं तर मध्ये काही राहणार नाही."

"पोरी, स्टेजवर मधी कोन बसतो?"

"मुख्य माणूस."

"मग? तू काम कर, आमाला स्टेज शिकवू नको."

दोनदा सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

मग वाटप झालं. डावीकडं भैरवनाथाचा फोटो. उजवीकडं चिक्कीवाल्याची जाहिरात, कारण त्यानं फेटे दिले होते. वरची पट्टी सरपंचांना. रखमाजींनी मजकूर सांगितला. पहिली ओळ, आपले सहर्ष स्वागत. दुसरी ओळ, सरपंच सौ. नंदाबाई. तिसरी ओळ, सरपंच पती रखमाजी. "तिन्ही वळी मोठ्या अक्षरात," ते म्हणाले. नंदामावशी टीव्हीकडं बघत होत्या.

"चला, झालं," म्हणत शेठ उठले.

"गाडे राहिले," मी म्हणाले.

शर्यतीची स्क्रीन होती. गाडे राहिले होते.

"खाली घाल की," शेठ चपला शोधत म्हणाले. "पायाशी जागा हायेच."

"नाव पुरं येऊ दे ना? सगळ्यांचंच?"

"यिऊंदे. खालचं कोन वाचतंय."

केरबा मात्र वाचणार होता. त्याला स्क्रीनवर बघून पुकारायचं होतं. "पायल, अक्षर मोठं ठेव बरं," तो म्हणाला. "मला चष्म्याबिगर दिसलं पायजे. धुरळ्यात चष्मा घालून काय करू मी."

"किती मोठं?"

"लय मोठं."

मी लय मोठं ठेवलं.

घरी आले ती धुमसतच. तात्या गोठ्यात बैलाच्या खांद्याला तेल चोळत होते. मी सगळं सांगितलं, ग्रिड कसा गेला, गाडे कसे पायाशी घातले.

"पर नाव येनार ना?" त्यांनी विचारलं.

"येणार. खाली."

"खाली तर खाली. डोळं खालीच असत्यात मानसाचं, चालताना." त्यांनी बैलाची मान थोपटली. "वर काय लिवायचं? ते लोक देव प्रसन्न लिवत्यात."

"तुम्ही सांगा."

"आपल्याला कुनाला प्रसन्न करायचं न्हाई. जयभीम लिव. मग माझं नाव, माझ्या बापाचं नाव. धोंडिबा भागूजी ओव्हाळ. मग गावाचं नाव." आणि मी टाइप करायला लागले तेव्हा म्हणाले, "गावाचंच. वस्ती नको."

यात्रेच्या दिवशी सकाळी घाटावर पोचले तेव्हा एलईडीवाला डोक्याला हात लावून बसला होता. एलईडी म्हणजे फरशीसारखे चौकोनी तुकडे असतात, एकावर एक रचत जायचे. त्यानं रचून ठेवले होते चांगले, टीव्हीच्या आकारात. पण त्याच्या मागं महिपतीशेठचा फ्लेक्स लागला होता, चैत्र यात्रेच्या हार्दिक शुभेच्छांचा, आणि स्क्रीनमुळं शेठ गळ्यापासून खाली झाकले जात होते. हातातलं घड्याळ, अंगठ्या, बोलेरो गाडी, सगळं झाकलेलं. शेठनी येऊन हुकूम सोडला होता, वरच्या ओळी काढ.

"किती काढल्या?" मी विचारलं.

"अंगठ्या दिसेपर्यंत," एलईडीवाला म्हणाला.

उरली ती स्क्रीन लांबट आणि बुटकी, एसटीच्या कपाळावर गावाची पाटी असते तशी. मी तिच्याकडं बघितलं आणि मनातल्या मनात पट्ट्या मोजल्या. आता आत काय होणार ते मला दिसत होतं, आणि एकदा वाटलंही, जाऊन तिसऱ्यांदा सांगावं. मग वाटलं, कशाला. स्टेज शिकवू नको म्हणालेत.

निवेदकाच्या माचावर लॅपटॉप मांडला. केबल जोडली. प्रोग्रॅम चालू केला.

कारभाऱ्यानं आपलं काम केलं. वरच्या पट्टीनं तिच्या तीन ओळींना लागेल तेवढी उंची घेतली. खालच्या पट्टीनं केरबाच्या डोळ्यांना लागेल तेवढी उंची घेतली. डावीकडं नाथ, उजवीकडं चिक्की. आणि मध्ये जे उरलं त्यात महिपतीशेठ बसले. फोटो मोठा होता, फट बारीक होती, म्हणून फोटोचा मधला काप तेवढा दिसला.

मिशी.

नुसती मिशी. घाटावर, हजारो माणसांसमोर, खोलीभर लांब अशी एक काळीभोर मिशी. वर नाक नाही, खाली ओठ नाहीत.

बांधावर बसलेली माणसं आधी माना वाकड्या करून बघत होती. मग कुणीतरी विचारलं, "आरं, ही मिशी कुनाची?"

"अध्यक्षांची वाटतीया."

"मिशी प्रसन्न," तिसरा म्हणाला.

ते वाक्य बांधाबांधानं वर चढत गेलं. निशाणापर्यंत पोचलं तेव्हा शेठ तिथं पाहुण्यांचे सत्कार करत होते. त्यांना आधी वाटलं, गर्दी शर्यत सुरू व्हायच्या आनंदात आहे.

चार-पाच बाऱ्या झाल्या. भिर्रर्रच्या आरोळ्या होत होत्या, भंडारा उडत होता, केरबा वाचत होता. "श्री भैरवनाथ प्रसन्न, कैलासवासी..." स्क्रीनवर खाली मोठ्या अक्षरात नाव यायचं, गाडा सुटायच्या आधीच सगळा घाट ते वाचून मोकळा व्हायचा, केरबाच्या मागून पोरं सुरात म्हणायची. पायाशी घातलेली पट्टी तेवढीच लोक वाचत होते. दुसरं वाचण्यासारखं होतंच काय, मिशी?

मग शेठ माचावर आले. धापा टाकत. फेटा वाकडा झालेला.

"ह्ये काय हाय?"

"मधलं," मी म्हणाले.

"मी कुटं हाय त्यात?"

"उरलेल्यात."

केरबानं माईक बाजूला घेतला. बाजूला घेतला, बंद नाही केला. तो कधीच बंद करत नाही, त्याच्या हाताला ती सवयच नाही. त्यामुळं पुढचं सगळं घाटानं ऐकलं, अगदी खाली गाडे जुंपत होते तिथपर्यंत.

"खालची पट्टी काढ," शेठ म्हणाले.

मी बाऱ्यांच्या नंबरांची टोकनं बघितली. पुढची बारी तात्यांची होती. खाली चढाच्या तोंडाशी माणसं त्यांची बैलं धरून उभी होती. आमचा घरचा बैल पाखऱ्या मान झटकत होता. तात्यांनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. बैल जुंपायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का. आणि ते बैलांकडं बघत नव्हते. वर बघत होते, स्क्रीनकडं.

"पट्टीत गाड्याचं नाव असतं, शेठ."

"मला कळतं. येवढी येक बारी काढ, माझा फोटो दिसूंदे, पाव्हणं बसल्यात समोर. म्होरच्या गाड्याला परत घाल. ह्यो तर वस्तीचा गाडा हाय, ह्येचं कोन वाचतंय?"

एका ओळीचं काम होतं. खरं सांगते, खालची पट्टी काढायला एक ओळ पुरते. ती गेली की मधला लगेच पसरतो, कारभारी विचारतसुद्धा नाही. शेठ हनुवटीपासून गॉगलपर्यंत दिसले असते. माझं बोट की-बोर्डवर होतं. आणि मला कळत होतं की काम असंच होतं गावात. कुणी कुणाला हाकलत नाही, शिवी देत नाही. फक्त येवढी येक बारी काढ. दर वर्षी येवढी येक बारी.

मी हात काढून घेतला आणि लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.

"तुम्ही काढा. की-बोर्ड इथं आहे."

शेठनी की-बोर्डकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "मी अध्यक्ष म्हनून सांगतोय."

"आणि मी मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं. मधल्याला उरलेलं मिळतं. तुम्ही म्हणालात उरलेलं सगळं आमचंच असतं. घ्या की मग."

घाटावरून हसू आलं. एकदम नाही, पाणी येतं तसं, खालून वर. तेव्हा केरबाच्या लक्षात आलं की माईक चालू आहे, आणि तरीही त्यानं तो बंद केला नाही. त्याबद्दल मी केरबाचं बाकीचं पुष्कळ माफ केलं आहे.

"जागाच पायजे ना तुमाला?" मागून आवाज आला.

मी वळून बघितलं. माचावर मागच्या खुर्चीत नंदामावशी बसल्या होत्या, शेजारी रखमाजी. आवाज मावशींचा होता. माझी खात्री पटायला वेळ लागला, कारण तो मी पंचायतीत कधी ऐकलाच नव्हता.

"पायल, वरच्या पट्टीतली तिसरी वळ काढ," त्या म्हणाल्या.

"तिसरी?" रखमाजी म्हणाले. "अगं, तिसरी माझी हाय."

"तुमचीच. सरपंचाला नवरा असतोय, लोकांना ठाव हाय. लिवायला कशाला पायजे?" आणि शेठकडं बघून पदर सारखा करत म्हणाल्या, "गाड्याच्या शर्यतीत गाड्याचं नाव काढत्यात व्हय, महिपतीभाऊ? दिसायला बरं दिसत न्हाई."

मी ती ओळ काढली. वरची पट्टी आकसली. मधली फट तेवढीच वाढली आणि मिशीला वर नाक आलं, खाली ओठ आले. शेठ थोडेसे माणसासारखे दिसायला लागले. समोर बसलेले पाहुणे टाळ्या वाजवू लागले, कशाच्या ते देव जाणे. आता सगळ्या घाटासमोर, सरपंचांसमोर, टाळ्या वाजत असताना शेठ काय बोलणार. त्यांनी फेटा सरळ केला आणि हात जोडले.

मी पुढची नोंद दाबली.

खालच्या पट्टीत, लय मोठ्या अक्षरात, नाव आलं. केरबानं तोंड उघडलं. त्याच्या तोंडात "चला, वस्तीचा" तयार होतं, मला दिसलं ते, ओठ तसे झालेही होते. पण समोर अक्षरं होती, चष्म्याबिगर दिसतील एवढी, आणि घाटानं ती त्याच्या आधी वाचली होती. वस्तीवरच्या पोरांनी तर सुरुवातही केली होती.

"जयभीम," केरबा म्हणाला. मग एकदा घसा साफ केला आणि पुढचं त्याच्या नेहमीच्या दमात, एका श्वासात, जसं सगळ्यांचं म्हणतो तसं म्हणाला. "धोंडिबा भागूजी ओव्हाळ," मग गावाचं नाव, "आणि आपल्याच गावचा गाडा बरं का मंडळी, आपल्याच गावचा, सोडा."

तेवढं 'आपल्याच गावचा' त्यानं पदरचं घातलं. मी लिहिलं नव्हतं.

गाडा सुटला. आता इथं मला लिहिता आलं असतं की तात्यांचा गाडा घाटाचा राजा झाला. नाही झाला. अर्ध्यापर्यंत भन्नाट आला, मग बेडशाच्या पाहुण्यांच्या बैलाला बांधावरची कुल्फीची गाडी आवडली आणि तो तिकडं ओढायला लागला. वेळेप्रमाणे गाड्यांचे गट पाडतात, त्यातल्या तिसऱ्या नंबरातही कसाबसा बसला. मी वेळ टाइप केली, तीही आली खाली, नावाशेजारी.

आणि त्यानंतर नाव तिथंच राहिलं. कारण पुढच्या गाड्याची घोडी अडून बसली. गाड्यापुढं घोडी पळवतात, ती हलेचना. मालक तिला चुचकारतोय, शिव्या देतोय, गूळ देतोय, आणि घाटावर कुणाला काही काम नाही म्हणून सगळे स्क्रीन बघतायत. स्क्रीनवर धोंडिबा भागूजी ओव्हाळ. मी पट्टी रिकामी करू शकले असते. कशाला करू? कारभाऱ्याची पद्धत आहे, पुढचा आल्याशिवाय मागचा हलत नाही. पद्धत मीच लिहिली होती, तो भाग वेगळा.

तात्या चढ चढून माचाजवळ आले. पांढऱ्या शर्टावर कुणीतरी भंडारा उधळला होता, अंगभर पिवळे झाले होते. खाली उभं राहून त्यांनी मान वर करून स्क्रीन बघितली. नीट, सगळी. ओठ हलत होते, वाचत होते.

"अक्षर बरं आलंय," म्हणाले.

"केरबाभाऊंनी मोठं करायला लावलं."

"हां." मग कपाळावर आठी आली. "बैलांची नावं का न्हाई घातली गं?"

"तुम्ही सांगितलीच नाहीत, तात्या."

"सांगायला कशाला पायजे? पळालं कोन, मी?" आणि पाखऱ्याला पाणी दाखवायला निघून गेले. मी मेले तिकडं, नाव यावं म्हणून सगळ्या गावाशी उभी भांडले, आणि हे.

यात्रेनंतरच्या मीटिंगला मला बोलावलं. कागदी कपात चहा. नंदामावशी खुर्चीत होत्या, रखमाजी त्या दिवशी शेतावर होते म्हणे. शेठ बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, एलईडीवाल्यानं घोटाळा केला वगैरे, मग मुद्द्यावर आले.

"पायल, म्होरल्या वर्षी त्यो मधला भाग नको मला. खालची पट्टी बरी हाय. लोक वाचत्यात तिथलं."

"खालच्या पट्टीत गाडे असतात, शेठ."

"मग माझं बी घाल त्यात."

"घालते की. टोकन घ्या, गाडा जुंपा, बारी आली की आपोआप येतं."

केरबा हसला, आणि या वेळी खोकला नाही.

शेठ सध्या बैल बघतायत. चाकणच्या बाजारात दोनदा जाऊन आले. काल आमच्या ओट्यावर बसून तात्यांना विचारत होते, खोंडाचे दात कसे बघायचे. तात्या सांगत होते, अर्धंच. मी ग्रिड अजून सोडलेला नाही, पुन्हा मीटिंगमध्ये मांडणार आहे, हरले तरी मांडणार आहे. तोवर तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे बैलांची नावं घालायचं काम झालं. चारही बैलांची, सगळ्या गाड्यांना. त्यामुळं खालची पट्टी आणखी एका ओळीनं उंच झाली आहे, आणि शेठचं बैल बघून होईपर्यंत मध्ये त्यांचाच फोटो आहे. तिथं किती उरेल, ते मी त्यांना सांगितलं आहे.

दोनदा.